'जपानी तोकोनामे ट्रे, रीपॉटिंग फ्री' म्हणून माझ्या ज्युनिपरचं जे केलं ते

ज्युनिपरच्या (बारीक पानांचं सदाहरित झाड) बोन्सायसाठी कुंडी शोधताय आणि कोणी 'ओरिजिनल जपानी तोकोनामे ट्रे आहे, झाड आमच्याकडे द्या, रीपॉटिंग फ्रीमध्ये करून देतो' असं सांगत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे ८,५०० रुपये गेले त्याचं एक वेळ ठीक आहे, पण झाड जवळजवळ गेलं आणि ते अजून पचत नाहीये.

झाड आमच्या इथल्या बोन्साय ग्रुपमधल्या एका काकांनी दिलेलं, त्यांनी कटिंगपासून वाढवलेलं. उंची साधारण ४५ सेंटीमीटर, खोड मातीजवळ ५ सेंटीमीटर जाड, एका बाजूला छान वळण. इतकी वर्षं ते साध्या मातीच्या खोल कुंडीत होतं. काका म्हणाले आता ह्याला चांगला ट्रे, म्हणजे बोन्सायची उथळ कुंडी, बघ, आणि मापही त्यांनीच सांगितलं. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या आसपास, खोली खोडाच्या जाडीएवढी किंवा किंचित जास्त, रंग तपकिरी किंवा विटकरी, चकाकी नसलेला. चकाकीचे निळे हिरवे ट्रे फुलाफळांच्या आणि पानगळीच्या झाडांना शोभतात, ज्युनिपर पाईनला मातकट रंगच बरा. खोड सरळ दणकट असेल तर कोपरेदार आयताकृती, वळणदार असेल तर ओव्हल किंवा गोल कोपऱ्यांचा. एवढं सगळं मला माहीत होतं आणि नेमकं तेवढंच विकणाऱ्यालाही माहीत होतं. फोटोत वरून आणि समोरून जे दिसतं ते सगळं त्याने बरोब्बर जमवलेलं, घोळ होता तो आत आणि खाली.

पेज इन्स्टाग्रामवरचं, पुण्यातलंच, बोलायला अतिशय गोड माणूस. तोकोनामे हे जपानमधल्या आयची प्रांतातलं, नागोयाजवळचं गाव, शेकडो वर्षांची कुंभारकामाची परंपरा, तिथल्या भट्ट्यांचे बोन्साय ट्रे जगभर नावाजलेले. हे सगळं त्याने मला सांगितलं आणि यातलं काही खोटं नाहीये. ट्रेच्या तळाला भट्टीचा शिक्का आहे असंही म्हणाला. मी तळाचा फोटो मागितला तर 'मॅडम पीस पॅक झालाय, एकच उरलाय, तुम्ही झाड द्या, मी लावूनच आणून देतो, तुम्हाला काही त्रास नको.' फेब्रुवारी होता, कुंडी बदलायला योग्य वेळ, माणूस घरी येऊन झाड घेऊन गेला आणि काही दिवसांनी लावलेला ट्रे आणून ठेवला. दिसायला इतका सुंदर की घरच्यांनी लगेच फोटो काढले. वर पांढरे खडे, कडेला थोडं मॉस. ट्रे उचलून तळ बघितला तर गोल शिक्का होता, जपानी अक्षरं, त्याखाली इंग्रजीत जपान, आणि एक भोक. झाडाने भरलेला ट्रे आडवा करून आत कोण बघणार? 'रीपॉटिंग फ्री' ही ऑफर असते ती त्यासाठीच, हे मला आता कळतंय. कुंडीची आतली बाजू गिऱ्हाईकाच्या नजरेला पडूच नये.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ज्युनिपर मेलं तरी कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा हिरवंच दिसतं. मुळं कुजून गेलेली असतात आणि वरून झाड ठीक वाटतं. त्याची रिटर्न पॉलिसी ७ दिवसांची. म्हणजे दोष दिसायला लागेपर्यंत मुदत कधीच संपलेली असणार आणि वर 'झाडाची गॅरंटी नसते मॅडम, तुम्ही पाणी जास्त घातलं असेल' हे वाक्य तयार. मला अगदी शब्दशः हेच ऐकवलं गेलं.

उन्हाळ्यात फार काही जाणवलं नाही, फक्त शेंड्यांना जो नवा पोपटी कोंब येतो तो आलाच नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गच्चीवर बघते तर खड्यांवर पाणी साचून राहिलेलं, तासभर झाला तरी जाईना. खडे बाजूला करायला गेले तर हलेनात, गोंदाने एकमेकांना चिकटवलेले! त्या थराखाली माती किती ओली किती कोरडी हे बोटाने तपासायची सोयच ठेवली नव्हती. मग रंग उतरायला लागला, आधी निस्तेज हिरवा, मग राखाडी, मग खाकी. फांदीची साल नखाने खरवडली तर खाली हिरवं असायला हवं तिथे तपकिरी कोरडं. काकांना फोन केला, ते त्याच संध्याकाळी आले, झाड हातात घेऊन नुसतं हलवलं तर खोड मातीत डुगडुगत होतं. 'अगं हे तारेने ट्रेला बांधलेलंच नाहीये, मग हलणारच.'

झाड बाहेर काढलं. काय निघालं ते नीट सांगते कारण हीच फसवणूक आहे आणि इतरांच्या ट्रेमध्येही असंच असणार. मध्ये चिकट काळी माती आणि कोकोपीट, मुळं काळी पडलेली, वास मारत होता. भोकावर जाळी नाही, मातीचा गोळा बसून ते बंद झालेलं. तार ओवायला बारीक भोकं असतात ती नाहीतच. ट्रेची आतली बाजू पांढरी, चकचकीत, संपूर्ण ग्लेझ (काचेसारखा चकाकीचा थर) केलेली, चांगल्या बोन्साय ट्रेला आतून ग्लेझ नसतं. त्याहून वाईट म्हणजे भोकाची कड तळापेक्षा उंच होती, पुरीच्या काठासारखी फुगलेली. काकांनी रिकाम्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, थोडं गेलं आणि बाकीचं तळाला पसरून तसंच राहिलं. बोटाच्या पेराएवढं पाणी आणि ते कुठेही जाणार नाही. पावसाळाभर माझ्या झाडाची मुळं त्यात उभी होती.

मग बाहेरची बाजू. काकांनी कापसाला थिनर लावून शिक्क्याच्या बाजूला घासलं, कापूस तपकिरी झाला आणि खालून तीच पांढरी चकाकी वर आली. म्हणजे बाहेरचा मातकट 'अनग्लेझ्ड' रंग हा निव्वळ रंग, फवारा मारलेला. शिक्काही रंगातच उमटवलेला, रंग गेला तसा शिक्काही पुसला गेला. खरा शिक्का ओल्या मातीत दाबतात आणि मग ट्रे भट्टीत जातो, तो थिनरने काय कशानेच जात नाही. पुढे घासत गेलो तर एका कोपऱ्यात तडा निघाला, एम-सीलने बुजवून त्यावर रंग मारलेला. साच्यात ओतून केलेला साधा शोभेचा ट्रे, तोही तडा गेलेला, आणि माझ्याकडून घेतले ८,५००.

साध्या ट्रेबद्दल माझी काही तक्रार नाही हे मुद्दाम सांगते. ओतीव ट्रे, सिमेंटचा ट्रे, कुंभारवाड्यातली मातीची पसरट कुंडी, खुर्जाचा (उत्तर प्रदेशातलं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव) ट्रे, सगळ्यात ज्युनिपर उत्तम जगतं, फक्त भोकं मोठी आणि पुरेशी हवीत, तळ भोकाकडे उतरता किंवा निदान सपाट हवा, खाली पाय हवेत म्हणजे पाणी अडत नाही. उलट 'अनग्लेझ्ड कुंडी श्वास घेते म्हणून ज्युनिपरला लागते' असं जे विकणारे सांगतात ते तोकोनामेसारख्या कडक भाजलेल्या ट्रेला लागूच होत नाही. तो १,१०० - १,२०० डिग्रीला भाजलेला असतो, पाणी जवळपास शोषतच नाही. निचरा होतो तो भोकांमुळे आणि मातीच्या मिश्रणामुळे.

आणि उथळ ट्रेमध्ये मिश्रण अजून जास्त सांभाळावं लागतं. अंघोळीचा स्पंज ओला करून आडवा धरा, पाणी टपकायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी पडायला लागेल. आडव्या स्पंजसारखंच उथळ ट्रेमध्ये तीच माती खोल कुंडीपेक्षा जास्त ओली राहते. म्हणून ज्युनिपरला ट्रेमध्ये भरड मिश्रण लागतं, चाळून धूळ काढलेले विटांचे तुकडे, प्युमिस, परलाईट असले हलके सच्छिद्र खडे, चिकट माती नाही. त्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही, दिवसभर हाच धंदा करतो तो.

आता मी ट्रे बघते तेव्हा आधी उलटा करते. रिकामा ट्रे बोटाच्या टोकाने वाजवला की कडक भाजलेला खणखणीत वाजतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो, मातीने भरलेल्या ट्रेवर ही परीक्षा होतच नाही. ग्लेझ नसलेल्या तळावर पाण्याचा थेंब टाकते, लगेच जिरला तर कमी भाजलेला. तळाला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवते, विकणाऱ्याने हरकत घेतली तर तिथेच विषय संपला. ऑनलाईन असेल तर तळाचा, आतला आणि पाणी ओतून रिकामं होतानाचा व्हिडिओ मागते, खरा विकणारा दोन मिनिटांत पाठवतो. आणि लावलेला ट्रे घेत नाही, रिकामा घेते आणि लावायला काकांना बोलावते.

इम्पोर्टेड म्हणून विकत असतील तर आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कोणत्या देशात बनलं हे छापलेलं असावं लागतं. माझ्याकडे नुसती हाताने लिहिलेली पावती होती, 'जापानी ट्रे १ नग' एवढीच, पण तीच पुढे उपयोगी पडली. पेजवर आधी मेसेज केला तर ते 'पाणी जास्त घातलं असेल' ऐकवून मला ब्लॉक केलं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, सोबत पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, आणि थिनरने रंग काढतानाचा व्हिडिओ. ऑनलाईन विक्रीच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की वस्तू खोटी, सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, हे तक्रारीत लिहिलं आणि मुद्दाम झाडाबद्दल कमी, ट्रेबद्दल जास्त लिहिलं. झाड का गेलं यावर तो वाद घालत बसला असता, पुसला गेलेल्या शिक्क्यावर काय वाद घालणार? नंतर त्याचाच फोन आला, आवाजात गोडवा नव्हता, आणि ट्रेचे पैसे परत आले. झाडाचे कोण देणार.

ज्युनिपरची सगळ्यात खालची एक फांदी जिवंत आहे. कुजलेली मुळं कापून काकांनी झाड भरड मिश्रणात, मातीच्या कुंडीत लावलंय, वर मेलेलं खोड तसंच ठेवलंय, फांदी तगली तर त्याचं कोरीव सुकं लाकूड करता येईल म्हणतात.

ते पेज नाव बदलून परत सुरू झालंय, ट्रे तसेच, पांढऱ्या खड्यांनी काठोकाठ भरलेले. तुमच्यापैकी कोणी तिथून घेतला असेल तर आधी तळाला थिनर लावून बघा आणि पावती, चॅट फेकू नका, बऱ्याच जणांची एकच तक्रार असेल तर ग्राहक आयोगाकडे एकत्र अर्ज करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. माझा व्हिडिओ आणि पावती मी जपून ठेवलीये, लागली तर देईन.