मुलगा २१ वर्षांचा झाला, आता कोणाकडे जायचं?

लहानपणी ऑटिझमचं निदान झालं की पुढचा रस्ता कोणीतरी आखून देतं. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार), शाळेत विशेष शिक्षक. अठरा-वीसच्या पुढे हा रस्ता एकदम संपतो. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, हा आता माझा पेशंट नाही. मोठ्यांचे डॉक्टर जुन्या अहवालांची जाडजूड फाइल बघून म्हणतात, हे सगळं लहानपणीचं आहे. आणि आई-वडिलांसमोर पाट्या असतात पाच-सहा: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, रोजची कामं जमवायला मदत करणारा व्यवसायोपचार तज्ज्ञ (पुढे यालाही ओटीच म्हणू), सामाजिक कौशल्यांचे वर्ग, कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा जॉब कोच.

(मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे, पण मला तो खटकतो. माणूस स्वतःतच रमलाय, बाहेरचं त्याला नकोच आहे, असा त्याचा सूर लागतो. ज्यांना मैत्री हवी असते पण जमत नाही, त्यांच्यावर तो शब्द अन्याय करतो. म्हणून इथे ऑटिझमच.)

तुलना नुसत्या पदव्यांची करून काही कळत नाही. त्यापेक्षा एक उदाहरण घेऊ आणि त्यालाच प्रत्येक दारातून आत नेऊन बघू. समजा, एक २१ वर्षांचा मुलगा आहे. बोलता येतं, वाचन दांडगं, पदवी कशीबशी हातात आली. गेले तीन महिने खोलीतच. दिवसा झोप, रात्री संगणक. आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही भांडून. नोकरीचा विषय निघाला की दार आपटतो.

मानसोपचारतज्ज्ञ की मानसशास्त्रज्ञ?

या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते. पहिला डॉक्टर असतो, औषध लिहून देऊ शकतो. दुसरा बोलून, चाचण्या घेऊन, सरावातून काम करतो. पण निवडताना हा फरक दुय्यम आहे. महत्त्वाचा प्रश्न असा: हे नवीन आहे की जुनंच?

आपल्या मुलाच्या बाबतीत ‘गेले तीन महिने’ हे शब्द कळीचे आहेत. ऑटिझम जन्मापासून सोबत आहे. तीन महिन्यांपूर्वी नव्हतं ते आज दिसत असेल, तर ‘ऑटिझम आहे ना, म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. नैराश्य असू शकतं, आणि ते चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. अनेक ऑटिस्टिक माणसांना स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत सांगणं अवघड जातं. ‘उदास वाटतंय का?’ या प्रश्नाला तो खरोखर ‘नाही’ म्हणेल. त्याच्या आवडीच्या विषयावरचं बोलणं थांबलंय का, हा प्रश्न जास्त कामाचा. विमानांवर तासभर बोलणारा मुलगा विमानांवर गप्प झाला, तर ती खूण मोठी आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत निसटते. दारात मध्येच थिजून उभं राहणं, घास हातात धरून बसणं, प्रत्येक हालचाल संथ होत जाणं. याला कॅटॅटोनिया म्हणतात. ऑटिझम असलेल्यांत तो किशोरवयात आणि तरुणपणी सुरू होऊ शकतो, आणि घरचे त्याला आळस किंवा हट्ट समजतात. फेफऱ्याचा धोकाही किशोरवयात पुन्हा वाढतो. दाढदुखी, बद्धकोष्ठता, थायरॉइड या साध्या गोष्टीही तपासायच्या असतात, कारण दुखणं सांगणं याला जमेलच असं नाही. म्हणून बदल अचानक असेल, झोप-जेवण मोडलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर आधी डॉक्टर. बाकी सगळं नंतर. हे विचार आहेत का, ते सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं ते डोक्यात येत नाहीत, आणि आडून विचारलेलं ऑटिस्टिक माणसाला कळेलच असं नाही.

औषधांबद्दल अपेक्षा मात्र नेमकी हवी. ऑटिझमच्या मूळ स्वभावावर औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्रॅझोल यांना अमेरिकेत २००६ आणि २००९ मध्ये मान्यता मिळाली, ती ऑटिझम असलेल्या मुलांमधल्या टोकाच्या चिडचिडीसाठी. ऑटिझम ‘बरा’ करण्यासाठी नव्हे. रिस्पेरिडोननं वजन बरंच वाढू शकतं. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: हे कोणत्या लक्षणासाठी आहे, आणि उपयोग झाला की नाही हे कधी ठरवायचं? उत्तर धूसर आलं तर दुसरं मत घ्या.

मानसशास्त्रज्ञाचं काम इथून पुढे सुरू होतं. चिंता आणि नैराश्यासाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) उपयोगी पडते, पण ती बदलून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं २०१२ मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे बदल सांगितलेत: लेखी आणि चित्रांतून जास्त माहिती, ठोस आणि रचनाबद्ध पद्धत, साधी भाषा, उपमा-रूपकं टाळणं, मध्ये विश्रांती, त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा वापर. यातलं काहीच न करता ‘मग, कसं वाटलं तुला?’ असं विचारत बसणारा मानसशास्त्रज्ञ कितीही नावाजलेला असो, चार सत्रांत मुलगा जायचं बंद करतो आणि ठपका त्याच्यावर येतो.

ओटी की सामाजिक कौशल्यांचा वर्ग?

पालकांचा कल दुसऱ्याकडे असतो. ‘याला माणसांत मिसळता आलं पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मी मात्र बहुतेक वेळा पहिल्याच्या बाजूनं आहे.

आंघोळच घ्या. आपल्याला ती एक कृती वाटते. ओटी तिचे तुकडे करतो: उठायचं, कपडे शोधायचे, पाण्याचं तापमान जुळवायचं, डोक्यावर पाण्याचा आवाज सोसायचा, ओल्या केसांचा स्पर्श, टॉवेलचा खरखरीतपणा, मग थंड हवेत बाहेर यायचं. यात अडचण नेमकी कुठे? सुरुवात करण्यात असेल तर ठरावीक वेळेचा गजर आणि भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता चालतो. आवाजात असेल तर शॉवरऐवजी बादली चालते. स्पर्शात असेल तर टॉवेल बदलायचा. तीन महिन्यांचं भांडण कधीकधी टॉवेलपाशी येऊन थांबतं. चांगला ओटी माणसाआधी जागा बदलतो. उजेड, आवाज, दिवसाचा क्रम, कामाची विभागणी, आणि एवढं केल्यावरही काय उरतं ते बघतो. बुद्धी तल्लख असताना साधी कामं का जमत नाहीत, हे कोडंही तोच सोडवतो. नियोजन करणं, सुरुवात करणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं ही वेगळीच क्षमता आहे आणि तिचा परीक्षेतल्या गुणांशी फारसा संबंध नाही.

सामाजिक कौशल्यांचे वर्ग वाईट असतात असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तयार झालेला ‘पीअर्स’ हा कार्यक्रम तरुणांसाठी १६ आठवड्यांचा आहे. चालू गप्पांत कसं शिरायचं, फोन कसा संपवायचा, मतभेद कसा हाताळायचा, असं ठोस शिकवतात आणि पालकांचा किंवा जवळच्या माणसाचा समांतर वर्ग घेतात. ज्याला स्वतःला मित्र हवेत, त्याला याचा फायदा होतो. पण सगळं शिकायचं ओझं एकाच बाजूवर का, हा आक्षेपही खरा आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये म्हटलं की न समजणं दुहेरी असतं. बाकीच्यांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोहोचवायला सांगितलं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच नीट पोहोचली. सरमिसळ असलेल्या साखळीत जास्त गळाली.

वर्ग निवडताना म्हणून उद्दिष्टं वाचावीत. ‘डोळ्यांत डोळे घालून बोलणे’, ‘हात हलवणे बंद करणे’ असं लिहिलं असेल तर तिथून उठावं. तो मुखवट्याचा, म्हणजे आपला ऑटिझम लपवण्याचा सराव आहे. दिवसभर असा मुखवटा घालून घरी येऊन कोसळणारे तरुण असतात.

स्पीच थेरपिस्टचं एका वाक्यात: बोलणं कमी असेल किंवा ताणात बंद पडत असेल, तर वय काहीही असो, टॅबलेटवरच्या किंवा चित्रांच्या संवादसाधनासाठी तोच योग्य माणूस. मात्र दुसऱ्यानं हात धरून टाइप करवून घेण्याची पद्धत कोणी सुचवली तर नकार द्या. शब्द हात धरणाऱ्याचे निघतात, हे नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसलंय.

जॉब कोच की आधी ‘तयारी’?

इथे दोन विचारसरणी समोरासमोर आहेत. एक म्हणते: आधी कौशल्यं शिकवू, तयार झाला की नोकरी बघू. दुसरी म्हणते: आधी खऱ्या कामावर लावू, तिथेच शिकवू, आणि कोच हळूहळू मागे सरकेल. पहिली सुरक्षित वाटते. तिची अडचण अशी की तयारी संपतच नाही. आणि वर्गात शिकलेलं कामाच्या जागी आपोआप उतरत नाही, हे ऑटिझममध्ये विशेष खरं आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावा जास्त वजनदार आहे. १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी थेट कामाच्या जागी, वेगवेगळ्या विभागांत फिरून शिकतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ऑटिझम असलेल्या तरुणांवर या पद्धतीची चाचणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्यक्रमातल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली, नेहमीच्या शिक्षणातल्या १६ पैकी एकाला. गट लहान आहेत हे खरं, पण एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मला या मुद्द्यावर नेहमी डोनाल्ड आठवतो. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरनं १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातला हा पहिला. लहानपणी त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. त्याला मोजमापांचा नाद, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी सारखा मोजायचा, तर नांगरताना मोज म्हणाले. पुढे तो बँकेत नोकरीला लागला. त्या ११ पैकी जी मुलं मोठ्या सरकारी संस्थांत गेली, ती मागे पडत गेली. शेतकरी जोडपं यातलं तज्ज्ञ नव्हतं, पण आजचा चांगला जॉब कोच जे करतो तेच ते करत होते.

जॉब कोचला विचारायचा प्रश्न: नोकरी लागल्यावर तुम्ही किती महिने सोबत असता? ‘लागेपर्यंत’ असं उत्तर आलं तर तो दलाल आहे, कोच नाही. मुलाखतीची तयारी करून घेणं हा सोपा भाग. तिसऱ्या महिन्यात साहेब बदलतो, बसायची जागा बदलते, तेव्हा कोण असतं?

मग त्या मुलाचं काय?

माझा क्रम असा राहील. पहिल्या पंधरवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे तपासणी आणि शारीरिक चाचण्या. तिथे गंभीर काही निघालं नाही तर ओटी, तीन महिने, दोनच उद्दिष्टं: झोपेची वेळ आणि आंघोळ. चिंता जास्त असेल तर सोबत मानसशास्त्रज्ञ, पण बदललेली सीबीटी करणारा. नोकरीचा विषय तोपर्यंत घरात बंद. झोप सावरली की जॉब कोच, आठवड्याला चार-सहा तासांच्या खऱ्या कामापासून. सामाजिक वर्ग त्यानं मागितला तरच. त्याआधी एखाद्या ऑटिस्टिक मोठ्या माणसाशी किंवा अशा तरुणांच्या गटाशी गाठ घालून द्यावी. ‘माझंही असंच व्हायचं’ हे वाक्य कुठलाही तज्ज्ञ त्याला देऊ शकत नाही. पाचही जण एकदम लावू नयेत. नवीन पाच माणसं, पाच जागा, पाच वेळापत्रकं याच त्याला खोलीत ढकलणाऱ्या गोष्टी आहेत.

पहिल्या भेटीत बघायचं ते एवढंच, की तज्ज्ञ कोणाशी बोलतो. मुलगा समोर बसलेला असताना ‘हा जेवतो का नीट?’ असं आईला विचारणारा तज्ज्ञ त्याला अजून दहा वर्षांचा समजतो. तो प्रौढ आहे. फाइल त्याची, अहवाल त्याचा, आणि घरच्यांना काय सांगायचं तेही शक्य तितकं त्याला विचारून. जीव धोक्यात असेल तेव्हाचा अपवाद सोडला तर यात सवलत नाही.

आणि त्याला हे सगळं तोंडी सांगू नका. पर्याय कागदावर लिहा, प्रत्येकाखाली तिथे काय होईल, किती वेळ, कोण सोबत असेल. कागद दाराखालून सरकवा आणि एक आठवडा विषय काढू नका.