अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी: घरी ब्युरोची बाई की सुश्रूषा केंद्र?

पक्षाघातानंतर आईची डावी बाजू लुळी पडली आणि रुग्णालयातून सुटी मिळताच आमच्यापुढे दोन मार्ग उरले: ब्युरोमार्फत (रुग्णांसाठी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) चोवीस तासांची बाई ठेवणे किंवा आईला सुश्रूषा केंद्रात दाखल करणे. आम्ही आधी पहिला आणि नंतर दुसरा मार्ग अनुभवला.

खर्चाचा मुद्दा मला निर्णायक वाटत नाही. बाईचा पगार आणि जेवण, भाड्याचा पलंग, हवेची गादी, डायपर, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट असे सगळे धरल्यावर आमच्या बाबतीत दोन्हींत फारसे अंतर राहिले नाही. सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत मिळणारे 5 लाखांपर्यंतचे संरक्षणही रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, अशा देखभालीसाठी नाही.

घराचे पारडे जड करणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. घरी आईला नातवंडांचा आवाज ऐकू येई, आवडीचा मऊ वरणभात मिळे आणि ती बोलतीही राहिली. केंद्रात रात्रीचे जेवण लवकर उरकते आणि पहिले काही दिवस ती खरोखर कोमेजली होती.

तरीही मला नकोसे झाले ते बाई बदलणे. एक बाई गावी गेली की ब्युरो दुसरी पाठवी, आणि प्रत्येक नवीन बाईला सगळे पहिल्यापासून शिकवावे लागे: ठसका लागू नये म्हणून पाणी पावडर घालून घट्ट करूनच द्यायचे, घास गिळताना हनुवटी खाली हवी, जेवल्यावर लगेच आडवे करायचे नाही, आणि उठवताना डावा हात कधीही ओढायचा नाही. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराविना सैल झालेला असतो. एका बाईने चांगल्या हेतूनेच काखेत हात घालून आईला वर ओढले आणि तो खांदा पुढे कित्येक दिवस दुखत राहिला. शिवाय पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, तर दिवसभर राबलेली एकटी बाई रात्रभर जागी राहणार कशी? माकडहाडाजवळची त्वचा लाल दिसू लागली, तेव्हा मी केंद्रे पाहायला लागलो.

आम्ही निवडलेल्या केंद्रातही कर्मचारी बदलतात, पण पलंगाला नोंदींचा तक्ता लावलेला असतो, पाळी संपवणारी बाई येणारीला पेशंट समजावून देते आणि उचलायला दोघी असतात. आईची त्वचा तेथेच सुधारली. हा एका घरचा अनुभव आहे. वृद्ध व्यक्ती हिंडतीफिरती असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे अनोळखी जागी बावरत असेल, आणि टिकून राहणारी बाई मिळाली असेल, तर कदाचित घरच बरे. मात्र कूस स्वतःची स्वतः बदलता येत नसेल, तर मी केंद्राकडेच झुकेन.

केंद्र पाहायला जाल तेव्हा रात्रीच्या पाळीला किती जण असतात हे विचारा आणि कूस बदलल्याचा तक्ता मागून पाहा. पहाटे तीनच्या नोंदी रोज एकाच हस्ताक्षरात, एकाच वेळी लिहिल्यासारख्या दिसल्या, तर दुसरे केंद्र शोधा.