विन्सर मॅकेची रविवारची पाने: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकी चित्रकार विन्सर मॅके याच्या वर्तमानपत्री चित्रमालिकांच्या पुनर्मुद्रणाचा दोन खंडांचा संच मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मागवला. त्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता, तर तो नुसत्या रंगांच्या कौतुकातच संपला असता. मी ॲनिमेशन शिकवतो. मॅकेचा ‘गर्टी द डायनोसॉर’ (१९१४) हा ॲनिमेशनपट वर्गात दरवर्षी दाखवतो. गर्टीच्या आधी या माणसाच्या हाताला कोणते वळण लागले होते, हे पाहण्यासाठी हा खर्च केला होता.

मोठ्या खंडात ‘लिटल नीमो इन स्लंबरलँड’ची पाने मूळ वर्तमानपत्राच्या आकारात, म्हणजे साधारण १६ इंच रुंद आणि २१ इंच उंच अशी छापली आहेत. नीमो या मुलाच्या स्वप्नांची ही मालिका १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये सुरू झाली. उघडलेला खंड माझ्या टेबलावर मावत नाही, त्यामुळे तो सतरंजीवर पसरून, ओणवे होऊन वाचावा लागतो. पहिले काही दिवस याचा वैताग आला. नंतर लक्षात आले की रविवारचा तो मोठा कागद मुलांनीही असाच जमिनीवर पसरून वाचला असणार. कागदाला चकाकी नाही आणि जुन्या छपाईचा पिवळटपणा मुद्दाम राखला आहे, हे मला फार आवडले. पाने पांढरीशुभ्र करून रंग भडक केले असते, तर मॅकेच्या फिक्या जांभळ्या आणि शेवाळी छटा हातच्या गेल्या असत्या.

लहान खंडाबद्दल मात्र तक्रार आहे. त्यात ‘लिटल सॅमी स्नीझ’ आणि ‘ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड’ या १९०४ मध्ये सुरू झालेल्या दोन मालिकांतील निवडक भाग आहेत, पण चित्रे इतकी आक्रसली आहेत की भिंगाशिवाय संवादांच्या फुग्यांतील अक्षरे लागत नाहीत. यात थोडा दोष मॅकेचाही आहे. इमारतींच्या कमानी मापून काढणारा हा चित्रकार संवादाचे फुगे जणू उरलेल्या जागेत कोंबतो, आणि शेवटचे शब्द फुग्याच्या कडेला चेंगरतात. रेअरबिटवर तो ‘सायलस’ या नावाने सही करत असे. रात्री चीज-टोस्ट, म्हणजे रेअरबिट, खाऊन झोपलेल्या माणसाची भयस्वप्ने हा या मालिकेचा एकमेव विषय. १९०५ मधील एका भागात माणसाला जिवंत पुरले जाते आणि ते सारे पुरल्या जाणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसते. चित्रपटाचा कॅमेरा अजून चाचपडत होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

तरीही सर्वाधिक उपयोग झाला तो याच खंडाचा, आणि तोही सॅमीमुळे. या मालिकेत दर आठवड्याला एकच प्रसंग: मुलाला शिंक येते आणि सारे उधळले जाते. बहुतेक भागांत चौकटींमधील दृष्टिकोन हलत नाही. पहिल्या चार चौकटींत सॅमीचे तोंड हळूहळू वासते, भोवतालची माणसे आपापल्या उद्योगात थोडी थोडी पुढे सरकतात, पाचवीत स्फोट होतो आणि सहावीत सॅमीची हकालपट्टी. एका दुपारी विद्यार्थ्यांनी ही चार तोंडे ट्रेसिंग कागदावर उतरवली, कागद एकावर एक नेमके बसवणाऱ्या खुंट्यांत अडकवून फडफडवली, आणि शिंक खरोखरच भरत गेली. तिसऱ्या चौकटीवर किती थांबायचे, यावरून वर्गात तासभर वाद झाला. टायमिंगवरचे माझे कोणतेही व्याख्यान इतके रंगले नव्हते. २४ सप्टेंबर १९०५ च्या भागात तर शिंकेने चौकटीच्या रेघाच फुटून सॅमीच्या अंगावर पडतात.

नीमोमधील २६ जुलै १९०८ च्या चालत्या पलंगाचे पान सर्वांना ठाऊक असते, पण पलंगाचे पाय वाढत जातात तशा चौकटीही उंच होत जातात, हे पडद्यावरच्या लहान चित्रात जाणवत नाही. मूळ आकारात मान खरोखर वरखाली करावी लागते.

ही नजर कुठून आली, ते प्रस्तावनेत आहे, पण फारच घाईने उरकले आहे. मिशिगनमधील इप्सिलँटी येथे जॉन गुडिसन यांनी मॅकेला यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह), म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याची रीत, घोटून शिकवले. पुढे शिकागोत त्याने सर्कशीची भित्तिपत्रके काढली, आणि मग सिनसिनाटीत विचित्र माणसे आणि वस्तू दाखवणाऱ्या स्वस्त प्रदर्शनगृहासाठी जाहिराती रंगवल्या. १९०८ मधील ‘बेफडल हॉल’च्या पानांत नीमो आणि त्याचे सोबती ताणले जातात, चेपले जातात. जत्रेतल्या आरशांचा हा खेळ १९११ च्या त्याच्या पहिल्या ॲनिमेशनपटात, सुमारे ४,००० चित्रांमध्ये, जसाच्या तसा येतो. त्या चित्रपटाला कथा नाही, असे मी वर्षानुवर्षे नाक मुरडून सांगत आलो होतो. ही पाने पाहिल्यावर ते विधान मागे घेतले. मुलाने घरी आणलेल्या फ्लिपबुकांवरून (पाने भरभर उलटली की चित्र हलते अशा पुस्तिकांवरून) हालत्या चित्रांची कल्पना सुचली, असे मॅके सांगत असे. ते खरे असेलच. पण हात त्याआधीच तयार झाला होता.

नीमोच्या मालिकेतील इम्पी या पात्राबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. आफ्रिकी माणसाचे ते विडंबन त्या काळच्या अमेरिकी वर्णद्वेषातून आले आहे. प्रस्तावनेत त्यावर दोनच ओळी आहेत, म्हणून लहान मुलांच्या हाती हा खंड एकट्याने देऊ नये. सुरुवातीच्या महिन्यांतील चौकटींखालचा मजकूरही कंटाळवाणा आहे. चित्रात दिसते तेच तो पुन्हा सांगतो, आणि मॅकेने पुढे तो सोडून दिला, ते बरेच झाले.

पार्सल आले तेव्हाच मोठ्या खंडाचा एक कोपरा चेपलेला होता, आणि विक्रेत्याने बदलून देण्यास टाळाटाळ केली. तिसऱ्या महिन्यात पुठ्ठा आणि पाने यांच्यामधला सांधा सैल झाला, कारण खंड कपाटात उभा ठेवण्याची चूक मी केली होती. एवढ्या वजनाने पाने खाली ओढली जातात. बाइंडरकडून कापडी पट्टी लावून घेतली आहे. आता तो जुन्या चादरीत गुंडाळून, सोबत कापराच्या दोन वड्या ठेवून, पलंगाखाली आडवा ठेवतो.