पंचवीस की पन्नास: लातूर एमआयडीसीतलं एक बोरिंगचं दुकान

पत्र्याच्या शेडमधलं हे दुकान बाहेरून शेजारच्या लेथवाल्यांसारखंच दिसतं. इथलं बोरिंग विहिरीचं नाही, इंजिनाचं: झिजलेल्या सिलिंडरचं भोक, म्हणजे बोर, कापून मोठं करायचं आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. फरक कळतो तो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ठोकळा, टेबलावर ठेवल्यावर. "कितीचा बोर मारायचा?" असं इथं गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही. आधी माप घेतात, मग नंबर सांगतात: पंचवीस म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा बोर, पन्नास म्हणजे ०.५० मिमी. या एका सवयीपायी उदगीर-अहमदपूरहून ब्लॉक टेम्पोत टाकून आणला तरी भाडं वाया जात नाही. उणिवाही आहेत, त्या पुढे.

माप डायल बोर गेजनं (भोकाचा व्यास मोजणारं घड्याळी माप) घेतात, आणि गेजचं शून्य दर वेळी मायक्रोमीटरवर लावून. प्रत्येक सिलिंडरची सहा मापं: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, क्रँकला (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आडवं आणि क्रँकच्या रेषेत. वरचं माप नेमकं कुठं घ्यायचं हे बऱ्याच ठिकाणी चुकतं. बोटाला लागणारी कड असते तिथपर्यंत पिस्टनची वरची रिंग पोचतच नाही, म्हणून ती कड म्हणजे न झिजलेला मूळ बोर. सगळ्यात जास्त झीज त्या कडेच्या लगेच खाली. तिथं ऑइल कमी, स्फोटाचा दाब रिंगच्या मागून भिंतीवर, आणि हवेतून आलेली धूळ पहिल्यांदा तिथंच घासते. काळ्या रानात मळणी यंत्रावर चाललेलं किंवा फडातून ऊस ओढणारं इंजिन या ठिकाणी खालच्यापेक्षा किती तरी जास्त खाल्लेलं निघतं.

आता नंबर कसा ठरतो ते. समजा मारुती ओम्नीचा तीन सिलिंडरचा ब्लॉक आहे, ७९६ सीसी, बोर ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७२. खाली ६८.५१ मिळालं आणि कडेखाली आडव्या दिशेत ६८.६४. झीज ०.१३. नव्वद टक्के मिस्त्री इथंच म्हणतील, पंचवीसमध्ये निघून जाईल. पण ही झीज दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली नसते, बहुतेक एकाच भिंतीला असते. मध्य मूळ जागेवर ठेवून ती भिंत साफ करायची तर व्यास ०.१३ च्या दुप्पट, म्हणजे ०.२६ वाढवावा लागतो. माप गेलं ६८.७७ वर, आणि पंचवीस नंबरचा तयार बोर ६८.७५-६८.७६ ला संपतो. एका अंगाला कट न लागलेली जुनी चकाकी राहणारच.

यातून सुटायची एक पळवाट आहे आणि ती सर्रास वापरतात: बोरिंग बारचे (बोर कापणाऱ्या मशीनच्या दांड्याचे) टेकू झिजलेल्या भागात टेकवून मध्य धरायचा. मग पंचवीसमध्ये भिंत साफ दिसते खरी, पण सिलिंडरचा मध्य क्रँकच्या रेषेपासून ०.०६ मिमी सरकलेला असतो. या दुकानात मध्य खालच्या न झिजलेल्या पट्ट्यावरूनच धरतात. शंका असेल तर पंचवीसच्या मापाच्या बरंच आत थांबणारा एक हलका कट मारून बघतात. कटानंतर चकचकीत डाग किती रुंद उरला यावरून पंचवीस की पन्नास हे सांगतात. पिस्टन आणायला तोवर पाठवत नाहीत, ही शहाणपणाची गोष्ट. आधीच घेतलेला सेट दुकानदार परत घेईलच असं नाही.

तिन्ही सिलिंडर एकाच नंबरचे करायचे, म्हणजे सगळ्यात वाईट सिलिंडर बाकीच्या दोघांचा नंबर ठरवतो. एकाच सिलिंडरला पिस्टन जाम होऊन खोल चरे पडले असतील आणि बाकी दोन पंचवीसमध्ये साफ होत असतील, तर इथं त्या एकाला स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) टाकायचा सल्ला देतात. खर्च थोडा वाढतो, पण पुढच्या वेळचा पन्नास हातात राहतो. या इंजिनाला पंचवीस आणि पन्नास एवढेच दोन घास आहेत. त्यापुढे भिंत पातळ होते, तापल्यावर वाकते, आणि हेड गॅस्केटच्या (ब्लॉक आणि वरच्या हेडमधल्या पॅकिंगच्या) कडेलाही जागा उरत नाही. "मोठा बोर म्हणजे जास्त ओढ" असं वाटणाऱ्यांसाठी हिशेब: पन्नासला ७९६ चे साधारण ८०८ सीसी होतात. चढावर ते कळत नाही.

शेवटचं माप मात्र नंबरवर जात नाही, हातातल्या पिस्टनवर जातं. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर (रिंगांखालच्या घेरावर), पिनला काटकोनात, कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरनं मोजतात आणि त्यात पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीचा आकडा मिळवतात. अशा लहान पेट्रोल इंजिनात फट ०.०३-०.०४ च्या घरात असते, पण नेमका आकडा मॅन्युअलमधून किंवा पिस्टनच्या डब्यावरूनच घ्यायचा. आता उन्हाची गोष्ट. ब्लॉक २० अंशांनी गरम असेल तर ६८ मिमीचा बोर ०.०१५ नं मोठा मोजला जातो, आणि गाडीच्या डिकीत तापलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन ०.०२७ नं. पिस्टन गरम आणि ब्लॉक गार असताना मापं घेतली की फटीचा सगळा हिशेबच बिघडतो. म्हणून इथं पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर शेजारी ठेवून सकाळी मोजतात. मे महिन्यात हे पाळणारं दुकान मिळणं अवघड आहे.

बोरिंग ०.०५ ते ०.०७ आधी थांबवतात आणि उरलेलं होनिंगच्या (भिंत बारीक घासण्याच्या) दगडांनी काढतात. बोरिंगच्या टूलनं वरचा थर फाटलेला असतो, तो पूर्ण जाईपर्यंत होनिंग व्हायला हवं. घाईत ०.०२ च शिल्लक ठेवलं की तो फाटका थर तसाच राहतो, रिंगा बसत नाहीत, आणि नवीन काम करूनही गाडी ऑइल खाते. दगड वर-खाली दोन्ही टोकांना साधारण एक तृतीयांश बाहेर येऊ देतात, नाहीतर बोर मधेच फुगतो. तिरप्या रेघांची जाळी नीट आणि सारखी दिसते. वरच्या कडेला रिंग अडकू नये म्हणून हलकी चांफरही मारून (कड तिरकी करून) देतात.

स्प्लेंडरच्या कामात मात्र हे दुकान घसरतं. ५० मिमीचा तो छोटा ब्लॉक पोराच्या हाती जातो, आणि होनिंग ड्रिलला लावलेल्या ब्रशनं होतं. २५, ५०, ७५, १०० असे चार नंबर मिळत असल्यानं कुणी मनावर घेत नाही. पण हवेवर थंड होणारं इंजिन आहे, नांदेड-परभणीकडं पारा ४२ च्या वर जातो, आणि फट कमी पडली की पहिल्याच लांब फेरीत जाम. मोटरसायकलचं काम द्यायचं असेल तर मोठ्या मशीनवर करून घ्या असं आधीच बजावावं.

दुसरी उणीव म्हणजे टॉर्क प्लेट नाही. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोर किंचित वाकतो. तो वाक धरून बोरिंग करायला जाड प्लेट आवळावी लागते, ती इथं नाही. रोजच्या चालीच्या गाडीला चालून जातं. क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप मात्र टॉर्कला (ठरलेल्या जोरानं) आवळूनच मशीनवर चढवतात. बोरिंग बार ब्लॉकच्या माथ्यावर बसणारा आहे, म्हणून माथा आधी घासून सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासतात. माथा तिरका तर बोर तिरका.

धुणं हा तिसरा मुद्दा. ते डिझेलनं फवारून देतात, आणि त्यानं दगडाची बारीक पूड निघत नाही. घरी गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासा. लगेच कोरडं करून ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. मग रिंग बोरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा: ६९ च्या बोरला ०.२०-०.३० च्या आसपास. दुकानदारानं चुकून स्टँडर्ड (मूळ मापाच्या) रिंगा दिल्या असतील तर फट दीड मिलिमीटरनं जास्त दिसेल, तिथंच चूक पकडता येते.

ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची नळी वेगळी आणि तिला बाहेरून पाणी लागणाऱ्या, ट्रॅक्टरसाठी इथं येऊ नका. तिथं बोर मारत नाहीत, लायनर-पिस्टनचं किट बदलतात.

दर सिलिंडरवर आहे, होनिंग त्यातच, आणि आसपासच्यांपेक्षा थोडा चढा. मापांचा कागद मागितला तरच मिळतो, तर मागाच. गळीत हंगामाच्या तोंडावर चार-पाच दिवस थांबावं लागतं. ब्लॉक नेताना मेन बेअरिंगच्या कॅप आणि त्यांचे बोल्ट सोबत हवेत. कॅपशिवाय आलेला ब्लॉक ते तसाच परत पाठवतात.