ग्रीन कार्ड लॉटरीच्या नावाखाली आमचे १,३७,४०० रुपये गेले, कृपया पूर्ण वाचा

हे लिहायला मला फार उशीर झाला, कारण लाज वाटत होती. पण मागच्या महिन्यात लॅबमधल्या एका मुलीने विचारलं, ताई अमेरिकेच्या लॉटरीचं एक ऑफिस आहे, पस्तीस हजार मागतायत, भरू का? तेव्हा पोटात गोळाच आला. म्हणून सगळं लिहितेय, आकड्यांसकट. (ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायचा परवाना.)

मी नाशिकची. माझा जन्म १९८४ चा, कुवेतमधला. बाबा तिकडे एका कंपनीत मेकॅनिक होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आम्ही बसने बगदादमार्गे अम्मानला आलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला, दीड लाखाहून जास्त भारतीय तेव्हा असेच परत आले. घर, सामान, बाबांचे पगाराचे पैसे सगळं तिकडेच राहिलं. आईने फक्त पासपोर्ट, थोडं सोनं आणि माझा अरबीत लिहिलेला जन्मदाखला एका स्टीलच्या डब्यात घालून आणला होता. हे एवढं सांगतेय कारण पुढे सगळं त्या दाखल्यावरच घडलं.

२०१८ मध्ये मिस्टरांच्या मित्राने पुण्यातल्या एका इमिग्रेशन कन्सल्टंटचं नाव सांगितलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. ऑफिस एकदम चकाचक, एसी, भिंतीवर झेंडा, रिसेप्शनला मुलगी. आतल्या माणसाने माझा दाखला हातात घेतला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हा कागद नाही, हे सोनं आहे. इतकी वर्षं तुम्ही घरात ठेवून दिलंत?" खरं सांगते, त्या एका वाक्याने आम्ही दोघं विरघळलो. आईने युद्धातून वाचवून आणलेला कागद आता आमच्या पोरांच्या कामाला येणार असं वाटलं.

आता महत्त्वाचं ऐका. त्या माणसाने सांगितलेलं निम्म्याहून जास्त खरं होतं. अमेरिकेची डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरी, म्हणजेच ही ग्रीन कार्डची लॉटरी, खरी आहे, १९९० च्या कायद्याने सुरू झालेली, त्यात वर्षाला जास्तीत जास्त ५५,००० व्हिसा ठरलेत, प्रत्यक्षात साधारण ५०,००० च्या आसपास. ज्या देशातून मागच्या पाच वर्षांत ५०,००० पेक्षा जास्त लोक अमेरिकेत कायमचे गेले तो देश त्यातून बाहेर, म्हणून भारतात जन्मलेल्यांना अर्ज करता येत नाही. पण पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, जन्म कुठला ते बघतात, त्यामुळे कुवेतमध्ये जन्मलेली मी चालते. माझे मिस्टर जन्माने नाशिकचे, पण बायकोच्या जन्मदेशावर तेही अर्ज करू शकतात, म्हणजे एका घरातून दोन अर्ज नियमात बसतात. हे सगळं मी नंतर सरकारी सूचनांमध्ये स्वतः वाचलं, शब्दन् शब्द बरोबर होतं. आमच्यासारखी शिकलेली माणसं अडकतात ती इथेच, घरी येऊन चार गोष्टी गुगल केल्या, चारही खऱ्या निघाल्या, मग पाचवी कोण तपासतं?

पाचवी गोष्ट अशी होती की "आमच्याकडून गेलेली फाईल स्ट्राँग असते, आमचा सक्सेस रेट नव्वद टक्के आहे". फाईल नावाचा प्रकारच तिथे नसतो हो! जगभरातून कोट्यवधी अर्ज येतात आणि कॉम्प्युटर त्यातून नंबर उचलतो. तेव्हा फॉर्ममध्ये विचारायचे काय तर नाव, जन्मतारीख, जन्माचं गाव आणि देश, पत्ता, ईमेल, शिक्षण, लग्न झालंय का, नवरा-बायको आणि मुलांची माहिती, प्रत्येकाचा फोटो. संपलं. अर्ध्या तासाचं काम, आणि तेव्हा त्याला एक रुपयाही फी नव्हती. आमच्याकडून मात्र त्याने तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, मार्कशीट, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स मागवल्या. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर कागद लावत बसायचो, आणि जितके जास्त कागद तितकं काम पक्कं चाललंय असं वाटायचं.

फोटोचा दिवस तर माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. कॉलेज रोडच्या स्टुडिओत पांढरा पडदा लावला, मुलगा पाच वर्षांचा, सारखी मान वाकडी करायचा, मुलीला चष्मा काढायला लावला तर ती डोळे बारीक करायची, शेवटी फोटोग्राफरने मोबाईलवर कार्टून लावून कॅमेऱ्याच्या वर धरलं तेव्हा कुठे दोघं सरळ बघायला लागली. मुलगी विचारत होती की मम्मी हा फोटो अमेरिकेत कोण बघणार. त्या फोटोंचं पुढे काय केलं, फॉर्मला लावले की नाही, मला आजही माहीत नाही.

फी एका फॉर्मची पंचवीस हजार, दोन फॉर्म म्हणून पन्नास, "फॅमिली डिस्काऊंट" देऊन पंचेचाळीस. रोख. पावतीवर फक्त कन्सल्टन्सी चार्जेस असं लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही, कसली कन्सल्टन्सी ते नाही. अर्जाची शेवटची तारीख ६ नोव्हेंबर, दिवाळीच्या तोंडावर, तीही खरी होती, त्यामुळे घाई घाई झाली. आणि त्याने ओरिजिनल जन्मदाखला ठेवून घेतला, व्हेरिफिकेशनसाठी. मी दिला. ती माझी सगळ्यात मोठी चूक, पैशांपेक्षा मोठी.

मार्च २०१९ मध्ये, होळीच्या आदल्या आठवड्यात ईमेल आला. वर गरुडाचं चिन्ह, अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. खाली केंटकी कॉन्सुलर सेंटरचं नाव. हे सेंटरही खरं आहे बरं का, लॉटरीचं काम तिथूनच चालतं. प्रत्येकी ३३० डॉलर फी, हाही आकडा खरा. चौघांचे १३२० डॉलर, त्यांच्या हिशोबाने ९२,४०० रुपये, दहा दिवसांत भरा नाहीतर पुढच्या नंबरला संधी जाईल. कन्सल्टंटला फोन केला तर तो आमच्यापेक्षा जास्त खूश, म्हणाला पेढे पाहिजेत. पैसे भरायचे होते "प्रोसेसिंग ऑफिसर"च्या खात्यात, आणि ते खातं होतं कुणातरी माणसाच्या नावाचं साधं सेव्हिंग अकाऊंट, दुसऱ्या राज्यातलं. मिस्टर म्हणाले पण, की अमेरिकन सरकारचं खातं असं कसं असेल. मीच म्हणाले की इंडियातल्या एजंटचं असेल, भरून टाका. आमच्याकडे तेवढे नव्हते, आईने तिची एफडी मोडली. बाबा गेल्यानंतरची तिची तेवढीच होती.

पैसे गेल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मेल, आता मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सचे साठ हजार.

हे आमच्या सोसायटीच्या सिक्युरिटीवाल्या काकांमुळे थांबलं. ते नेपाळचे, पोखराकडचे. नेपाळमध्ये ही लॉटरी घराघरात भरतात, ते तिला ईडीव्ही म्हणतात, त्यांचा भाऊ दरवर्षी भरतो. मी आनंदाच्या भरात त्यांना सांगून बसले होते. ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "दीदी, मार्च में? रिझल्ट तो मई में आता है. आपका कन्फर्मेशन नंबर आपके पास है ना?" मी म्हटलं कसला नंबर. त्यांनी भावाला फोन लावला, भावाने तिकडून समजावलं की फॉर्म सबमिट झाला की स्क्रीनवर आपलं नाव आणि एक नंबर येतो, तोच आपला सगळा जीव, निकाल आपण स्वतः सरकारी साईटवर तो नंबर टाकून बघायचा, तुमची निवड झाली असं सांगणारा मेल ते कुणालाच पाठवत नाहीत. आणि ती ३३० डॉलरची फी असते पण मुलाखतीच्या दिवशी, कॉन्सुलेटच्या कॅशियरकडेच, आधी कुठल्याही खात्यात नाही.

त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुण्याला गेलो. बसमध्येच ठरवलं होतं की भांडायचं नाही, आधी दाखला हातात घ्यायचा. मी सांगितलं की साठ हजारांचं लोन करायचंय, बँकेला ओरिजिनल दाखवायचाय. त्याने कपाटातून एक गठ्ठा काढला, त्यात कितीतरी लोकांचे कागद होते, रबर लावलेले, त्यातून माझा काढून दिला. पर्समध्ये ठेवला आणि मग मिस्टरांनी कन्फर्मेशन नंबर मागितला. त्याने एक नंबर लिहून दिला, तो त्यांच्याच ऑफिसचा फाईल नंबर निघाला. पुन्हा मागितला तर आवाज बदलला, म्हणे पुढची फी भरा मग देतो, आमच्याकडे सगळ्यांना तसंच आहे. बाहेर बाकावर उल्हासनगरच्या एक बाई होत्या, त्यांना सांगितलेलं की आजोबांचा जन्म कराचीचा आहे म्हणून तुम्ही चालता. आजोबांच्या जन्माचा इथे काही संबंध नसतो, आणि पाकिस्तान स्वतःच त्या यादीतून बाहेर होता. त्यांनीही पंचवीस हजार भरलेले. त्यांना मी तिथे काहीच सांगितलं नाही, घाबरले होते, माझा दाखला पर्समध्ये होता आणि फक्त बाहेर पडायचं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन आईला सांगितलं. एफडीचं तिने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त "दाखला आणलास ना?" एवढंच म्हणाली, आणि हातात घेतल्यावर किती वेळ तशीच बसून राहिली.

७ मे २०१९ ला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, त्या वर्षीचा खरा निकाल लागला. आमच्याकडे नंबर नाही. साईटवर विसरलेला नंबर परत मिळवायची सोय आहे, पण तिथे अर्जात दिलेला ईमेल लागतो आणि तो आमचा नव्हताच, त्याने स्वतःचा कुठलातरी टाकला असणार. किंवा अर्ज भरलाच नसेल. किंवा दोनदा भरला असेल, एकाच माणसाचे दोन अर्ज गेले की अपात्र. आमचं नाव त्यात आलं होतं का हे कळायला काहीच मार्ग नाही. ३० सप्टेंबर २०२० पर्यंत तो निकाल बघता येत होता, तोपर्यंत मी अधूनमधून नवे नवे ईमेल अंदाजाने टाकून बघायचे. पैसे गेले त्याचं दुःख कमी झालं पण हे कमी होत नाही.

सायबर सेलला तक्रार दिली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण खातं तोवर रिकामं झालेलं. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. आता १९३० हा हेल्पलाईन नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासाभरात फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, आम्ही तर तीन आठवड्यांनी गेलो. लाज वाटते म्हणून दोन दिवस थांबू नका, त्याच रात्री फोन करा.

आणि कुणाला खरंच भरायचा असेल तर डीव्हीप्रोग्रॅम डॉट स्टेट डॉट जीओव्ही या एकाच साईटवर अर्ज होतो. शेवटी डॉट जीओव्ही नसेल, डॉट कॉम, डॉट ऑर्ग काहीही असेल तर तिथूनच परत फिरा. २०२५ मध्ये त्यांनी अर्जाला एक डॉलर फी ठरवली, तीही त्यांच्याच साईटवरून भरायची. नियम बदलत राहतात, त्या वर्षीच्या सूचना तिथेच वाचा, इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. टायपिंग कुणी दुसऱ्याने केलं तरी ईमेल तुमचा हवा, सबमिट होताना तुम्ही शेजारी बसलेले हवेत आणि नंबर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा. ओरिजिनल कागद अर्जाला लागतच नाहीत, कुणी मागितले तर तेवढ्यावरूनच समजा.

ऑक्टोबर २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे घरीच होतो तेव्हा मी स्वतः फॉर्म भरला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आई शेजारी बसून होती. पंचवीस मिनिटं लागली. नंबर आला तो मी किराण्याच्या डायरीत लिहिला, मिस्टरांनी मोबाईलमध्ये, आणि आईने एका चिठ्ठीवर लिहून तिच्या डब्यात ठेवला. पुढच्या मे मध्ये नंबर टाकला, निवड झाली नाही असं सरळ एका ओळीत लिहून आलं. मी ती ओळ दोनदा वाचली. वाईट वाटलं, पण त्या रात्री शांत झोप लागली.

ते पुण्यातलं ऑफिस लॉकडाऊननंतर बंद झालंय, पण माणसं तीच दुसऱ्या पाटीखाली काम करत असणार. २०१८ च्या दिवाळीआधी तुमच्यापैकी कुणी पुण्यात असे रोख पैसे भरले असतील, पावतीवर नुसतं कन्सल्टन्सी चार्जेस असेल, तर ती पावती टाकू नका, आपापल्या शहरातल्या सायबर पोलिसांकडे अर्ज द्या. एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणांहून अर्ज आले तर आम्हाला पुढे जाता येतं असं तिथल्या हवालदारांनी मला सांगितलं होतं, आणि नाशिकमध्ये माझा एक अर्ज आधीच दिलेला आहे. उल्हासनगरच्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीही द्या.