देश सुधारायला निघालेली तीन चर्च, आणि यातलं कुठलं आपलं?

माझी मावसबहीण नगरची (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). घर पिढ्यानपिढ्या मंडळीतलं, अमेरिकन मिशनच्या काळापासून. गेल्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि हे लोक डॅलसच्या उत्तरेला राहायला आले, पोरगा चौदा वर्षांचा. महिन्याभरात फोन. "दादा, सलाम. तीन चर्च बघून झाली. तिन्हीकडे पाळक म्हणतात देश बिघडलाय, देवाकडे वळायला पाहिजे, आणि तिन्हीकडे वचन पण तेच वाचतात. मग फरक काय, आणि आम्ही जायचं कुठे?"

हाच प्रश्न मला आधी पण दोन-तीन जणांनी विचारलाय, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो. मी इथे बावीस वर्षं आहे, तिन्ही प्रकारात कमीजास्त बसून झालंय, तटस्थ वगैरे मी नाहीये हे आधीच सांगतो.

ते वचन म्हणजे दुसरे इतिहास ७:१४. शलमोनाचं मंदिर बांधून झाल्यावर देव त्याला सांगतो की माझ्या नावाने ओळखले जाणारे माझे लोक नम्र झाले, प्रार्थना केली, आपले वाईट मार्ग सोडले, तर मी ऐकेन आणि त्यांचा देश बरा करीन. अमेरिकेत देशाच्या नैतिक सुधारणेबद्दल कुठलीही सभा असो, हे वचन येणारच. रेगननी १९८१ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हा त्यांच्या आईचं बायबल याच पानावर उघडं होतं, १९८५ लाही तेच. आता त्यात "माझे लोक" असं आहे, "शेजारचे लोक" असं नाही. माझी फूटपट्टी एवढीच आहे, कुठल्याही चर्चमध्ये पापांची यादी वाचली जाते तेव्हा त्यात समोर बाकावर बसलेल्यांचं एक तरी पाप आहे का ते बघायचं.

पहिला प्रकार: मतपेटीवाले

याचं मूळ जेरी फॉलवेल. व्हर्जिनियातलं लिंचबर्ग, १९५६ मध्ये ३५ माणसं घेऊन सोड्याच्या बाटल्या भरायच्या जुन्या कारखान्यात चर्च सुरू केलं, पुढे टीव्ही, पुढे युनिव्हर्सिटी. गंमत म्हणजे १९६५ च्या मार्चमध्ये, सेल्माला काळे लोक मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढत होते तेव्हा याच फॉलवेलनी प्रवचन दिलं की पाळकाचं काम राजकारण नाही, आत्मे जिंकणं आहे. आणि १९७९ मध्ये त्यांनीच मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली! मधल्या चौदा वर्षांत काय झालं हे समजून घेतलं की हा प्रकार समजतो.

आज कुणालाही विचारा, म्हणतील गर्भपाताला देशभर हक्क देणारा १९७३ चा निकाल, रो विरुद्ध वेड. पण सदर्न बॅप्टिस्ट लोकांनी १९७१ मध्ये स्वतःच ठराव केला होता की बलात्कार, बाळाचं गंभीर व्यंग, आईच्या तब्येतीला धोका अशा वेळी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. निकालानंतर लगेच देश पेटला वगैरे काही नाही, तेव्हा तो विषय बराचसा कॅथलिक लोकांचा समजायचे. खरी ठिणगी पडली ती शाळांच्या टॅक्सवरून. गोऱ्यांच्याच म्हणाव्यात अशा खाजगी ख्रिस्ती शाळा निघाल्या होत्या, सरकार म्हणालं वंशभेद कराल तर टॅक्समाफी नाही, बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची माफी १९७६ मध्ये गेली. पॉल वायरिक, म्हणजे फॉलवेलना राजकारणात आणणारा माणूस, नंतर स्वतःच सांगायचा की लोक हलले ते यामुळे. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८-१ ने बॉब जोन्सच्या विरोधात निकाल दिला. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय कारण या चर्चमध्ये तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगणार नाही आणि पोरगा हायस्कूलच्या इतिहासात वाचून आला की घरी प्रश्न विचारणार.

मग १९८० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. एका बाजूला जिमी कार्टर, खराखुरा रविवारच्या शाळेचा शिक्षक, अगदी म्हातारपणी पण प्लेन्स गावात बायबल शिकवायचे. दुसऱ्या बाजूला रेगन, घटस्फोट झालेले, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या बिलावर सही केलेले. ऑगस्टमध्ये इथे डॅलसलाच हजारो पाळकांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे माहितीये, पण माझा तुम्हाला आहे. झालं. या चर्चवाल्यांची मतं रिपब्लिकनांकडे गेली आणि आजपर्यंत तिकडेच आहेत.

आता यांच्या बाजूचं पण बोलू, नाहीतर अन्याय होईल. या लोकांनी चिकाटी दाखवली. मॉरल मेजॉरिटी १९८९ ला बंद केली तोवर दुसरी फळी तयार होती, टीव्हीवरच्या पॅट रॉबर्टसनची ख्रिश्चन कोएलिशन ही संघटना त्याच वर्षी, रेडिओवरून घराघरात ऐकले जाणारे जेम्स डॉब्सन आधीपासून होतेच, स्कूल बोर्डापासून न्यायाधीशांच्या नेमणुकांपर्यंत एकेक पायरी चढत गेले आणि २४ जून २०२२ ला रोचा निकाल रद्द करून दाखवला. चाळीसहून जास्त वर्षं एका गोष्टीच्या मागे लागणं हे आपल्याकडच्या कुठल्या चळवळीला जमलंय सांगा.

पण जिंकल्यावर काय झालं? दोनच महिन्यांत कॅन्ससमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाला जिथे रिपब्लिकन डोळे मिटून निवडून येतात तिथे, लोकांनी ५९ टक्क्यांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मत दिलं. पुढच्या वर्षी ओहायोतही तसंच. आणि प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेचे आकडे बघा, २००७ मध्ये ७८ टक्के अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणायचे, २०२३-२४ मध्ये ६२. म्हणजे कायदा हाती आला आणि माणसं हातची गेली. याचं एकच कारण राजकारण असं मी म्हणणार नाही, पण देश देवाकडे वळवायला निघालेल्यांनी हा हिशोब तरी मांडावा की नाही.

रविवारी तिथे कसं असतं? चार जुलैच्या आसपास गेलात तर पुलपिटशेजारी झेंडा, सैनिकांना उभं करून टाळ्या, आणि खरं सांगतो, छान वाटतं, आपण पण टाळ्या वाजवतो. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी लॉबीतल्या टेबलावर एक गुळगुळीत कार्ड असायचं, दोन उमेदवारांचे फोटो, मध्ये प्रश्न, दोन्हीकडे "समर्थन" किंवा "विरोध". कुणाला मत द्या असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण टॅक्समाफीवाल्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही असा १९५४ पासूनचा कायदा आहे, पण एकाचा फोटो हसरा आणि दुसऱ्याचा असा की बिचाऱ्याला शिंक येताना काढलाय. मी ते कार्ड उलटून पालटून बघितलं, गर्भपात होता, लग्नाची व्याख्या होती, टॅक्स पण होता, आता टॅक्स कमी करणं कुठल्या वचनात येतं मला माहीत नाही. विधवा, परदेशी, मजुराची मजुरी, ज्यावर जुन्या करारातले संदेष्टे घसा फोडून बोलतात, त्यातलं काहीच नव्हतं. फूटपट्टी लावली. बाकावरच्यांचं एकही पाप यादीत नाही.

दुसरा प्रकार: गुडघ्यांवर बसणारे

हे संजीवनवाले, म्हणजे इथल्या भाषेत रिव्हायव्हल. आधी माणूस बदलेल, मग घर, मग देश, कायद्याने काही होत नाही असं मानणारे. बिली ग्रॅहम यांचं मोठं नाव, १९४९ ला लॉस एंजेलिसला तंबूत आठ आठवडे सभा चालल्या तिथून पुढे जगभर. १९५३ मध्ये टेनेसीत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवायला बांधलेली दोरी त्यांनी स्वतः काढली. पण हेही साधे नव्हते हो, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या इतके जवळ गेले की पुढे दोघांच्या बोलण्याच्या टेप बाहेर आल्या २००२ मध्ये, त्यात ज्यू लोकांबद्दल बोललेलं ऐकून स्वतःच माफी मागायची पाळी आली. निक्सनना घालवणाऱ्या वॉटरगेट भानगडीनंतर मात्र ते शहाणे झाले, १९८१ मध्ये, मॉरल मेजॉरिटी ऐन भरात असताना, त्यांनी बजावलं होतं की कट्टर उजव्यांना धर्मात रस नाही, त्यांना तो वापरून घ्यायचाय. (त्यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी वडिलांचं हे ऐकलं असं काही दिसत नाही.)

अलीकडचं बघायचं तर ॲसबरी हे ख्रिस्ती विद्यापीठ. केंटकीतलं विल्मोर, सहा हजार वस्तीचं गाव. ८ फेब्रुवारी २०२३, बुधवारची कॉलेजची नेहमीची उपासना झाली, पोरं क्लासला गेली, वीसएक पोरं मागे राहून गात बसली. ती उठलीच नाहीत. बाकीची परत आली. सोळा दिवस चाललं, पन्नास हजारांवर माणसं येऊन गेली, थंडीत तासन्तास रांगा. स्टेजवर मोठं नाव कुणाचंच नाही, पोरं उठून आपापली पापं सांगायची. बघा, इथे फूटपट्टी बरोबर बसते.

मग यात खोट काय? तर खोट अशी की सोळा दिवसांनी सतरावा दिवस उजाडतो. डोळ्यात पाणी येतं, गळ्यात गळे पडतात आणि सोमवारी गोदामातल्या माणसाला तेवढीच मजुरी. दक्षिणेत संजीवन सभा तंबू भरभरून होत होत्या तेव्हाच काळ्यांना झाडाला टांगत होते आणि टांगणारे पण सभेला जात होते. मन बदललं की समाज आपोआप बदलतो हे ऐकायला बरं वाटतं, इतिहासात तसं फारसं झालेलं नाही.

तिसरा: वेगळी चूल

यांचं म्हणणं, लढाई हरलोय, देश हातातून गेला, आता आपलं गाव आपण वसवू. रॉड ड्रेहर या पत्रकाराने २०१७ मध्ये ही कल्पना बरीच गाजवली, सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट रोम सोडून गेला तसं. राजकारण पूर्ण सोडा असं तो म्हणत नव्हता, पण त्याच्यावरची भिस्त सोडा म्हणत होता, आणि मग स्वतः बुडापेस्टला राहायला जाऊन हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या कारभाराचं कौतुक करायला लागला, आता काय बोलणार.

यातलं कडक रूप बघायचं तर आयडाहोमधलं मॉस्को. डग विल्सन यांचं चर्च, त्यांच्या गोतावळ्याची शाळा १९८१ पासून, कॉलेज १९९४ पासून, पोरं लॅटिन शिकतात, घरात पाच-सहा मुलं. पण हे चूल मांडून गप्प बसत नाहीत, आधी गाव ख्रिस्ती करायचं, मग देश, कितीही पिढ्या लागोत, आणि ख्रिस्ती राष्ट्रवादी हे नाव ते मिरवतात. घरटी एक मत आणि ते कर्त्या पुरुषाने द्यायचं ही कल्पना तिथे उघड मांडतात. १९९६ मध्ये दक्षिणेतल्या गुलामगिरीची बाजू सावरणारी पुस्तिका विल्सननी लिहिली होती. माझ्या बहिणीने बघितलेलं तिसरं चर्च इतकं कडक नव्हतं, पण शाळा मात्र चर्चचीच, मुलाचे मित्र चर्चचे, डॉक्टर चर्चचा. शिस्त खरंच छान, पोरांच्या हातात फोन नाही. फक्त एकदा आत गेलं की बाहेर पडायला सगळं आयुष्य उसवावं लागतं.

शेजारी-शेजारी

वेळेचं म्हणाल तर पहिल्यात रविवार आणि निवडणुकीचा सीझन, दुसऱ्यात रविवार, बुधवार आणि उपास-प्रार्थना, तिसऱ्यात काही शिल्लकच राहत नाही. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, तिन्हीकडे मागतात, पहिल्यात वरून राजकीय संस्थांच्या ईमेल सुरू होतात त्या आयुष्यभर थांबत नाहीत.

मुलाचं जरा महत्त्वाचं आहे. टेक्सासने २०२५ मध्ये सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावायचा कायदा केला, लगेच कोर्टकज्जे सुरू झाले. पहिल्या चर्चला हा विजय वाटतो. दुसऱ्यातल्या पाळकांना बहिणीने विचारलं तर म्हणाले, लावा की, पण भिंतीवरचं वाचून माझा मुलगा खोटं बोलायचा थांबला नाही. तिसऱ्यांना फरकच पडत नाही, त्यांची मुलं त्या शाळेत जातच नाहीत. मला विचाराल तर आपण नगरला अल्पसंख्याक म्हणून वाढलो, शाळेत दुसऱ्याची प्रार्थना हात जोडून म्हटली, वर्गात एकटं ख्रिस्ती पोर असणं काय असतं ते आपल्याला कळतं, म्हणून सरकारच्या भिंतीवर आपलं वचन बघून मला आनंद होण्याऐवजी जरा संकोचच वाटतो. शेजारच्या बाकावर एखादी पटेलांची पोरगी बसलेली असतेच.

आणि आपलं काय, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं? दुसऱ्या प्रकारात रंग कुणी बघत नाही, निदान मला तरी जाणवलं नाही. पहिल्यात लोक प्रेमाने वागतात, घरी बोलावतात, आणि मग जेवताना इमिग्रेशनचा विषय निघतो, वर "तुमच्याबद्दल नाही बोलत हां" असंही म्हणतात. तिसऱ्यात आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा तपकिरी चेहरे आमचेच.

बहिणीला मी शेवटी केडगावची (दौंडजवळचं, नगरचं नव्हे) आठवण करून दिली. ती लहानपणी पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनला सहलीला गेली होती. १९०५ च्या जूनमध्ये तिथे संजीवन झालं, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, ॲसबरीवाले जे बघून थक्क झाले तसंच. पण त्या मुली तिथे आल्या कशा होत्या? दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, त्यांना आधी भाकरी मिळाली, मग अक्षरं, मग छापखान्यात आणि मागावर काम. आणि याच रमाबाई १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. गुडघे, चूल आणि राजकारण तिन्ही एकाच बाईकडे, फक्त चूल सगळ्यांसाठी पेटलेली. म्हणून मी म्हटलं, दुसऱ्या प्रकारातलं निवड, पण आधी विचार की आठवड्यात जेवण कुणाला देता. नुसतं रडणारं असेल तर अजून चार बघू.

तिने विचारलं. महिन्यातून एकदा चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये ऐंशी-एक लोकांना जेवू घालतात, मजूर, मोटेलात राहणारी कुटुंबं, कागदपत्रं कुणी विचारत नाही. पुढच्या शनिवारी तिला पुलाव करायला सांगितलाय, एवढं मोठं पातेलं तिच्याकडे नाही, ते माझ्या गॅरेजमधून न्यायला येणार आहे.