पट्टी म्हणते विलीज, चॅसी म्हणते फोर्ड: दोन जीपांतली कोणती घ्यावी?

मित्राला दुसऱ्या महायुद्धातली लो बोनेट जीप हवी होती. हिंडून हिंडून दोन पसंतीला उतरल्या. पहिलीच्या डॅशबोर्डवर, खणाच्या झाकणावर विलीजची पट्टी, पण चॅसीवर जीपीडब्ल्यूचा, म्हणजे फोर्डच्या जीपचा नंबर. दुसरीची पट्टी, चॅसी, इंजिन, आरसी बुक सगळं विलीजचं, कसं जुळलेलं. किंमत अर्थातच चढी. मित्र दुसरीवर भाळला होता. मी दोन्हींच्या खाली चटई टाकून आडवा झालो.

मुळात घोळ का होतो ते पाहू. एकाच आराखड्याची जीप विलीजने ‘एमबी’ म्हणून काढली आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ म्हणून. दोघांच्या मिळून सहा लाखांवर. पार्ट एकमेकींना बसतात, त्यामुळे लष्कराच्या वर्कशॉपमध्येच सरमिसळ सुरू झाली. १९४४ पासून तर दोघींचा पत्रा एकाच तिसऱ्या कंपनीकडून यायचा. म्हणजे बॉडी पाहून निकाल लावता येत नाही. खणावरची पट्टी तर चार स्क्रूंची गोष्ट. नवी हुबेहूब विकत मिळते.

निकाल लागतो तो रेडिएटरच्या खाली, बंपरच्या मागे. चॅसीचे दोन दांडे जोडणारा आडवा तुकडा विलीजमध्ये गोल पाइप असतो, फोर्डमध्ये पालथ्या पन्हाळीसारखा. हाताने चाचपलं तरी कळतं. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवर आणि पुष्कळ पार्टवर आपलं इंग्रजी ‘एफ’ उठवलंय, पण बोल्ट बदलतात. पन्हाळ कोण बदलणार?

नंबराची जागाही वेगळी. फोर्डचा डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात पंच केलेला. विलीजचा मात्र डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूला, बंपरच्या जवळ, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर. ती गळली तर विलीजची ओळखच गेली.

पहिलीला पन्हाळ. वायरब्रशने घासल्यावर दांड्यावर जुना, किंचित वाकडा पंच दिसला. आरसीतला चॅसी नंबर तोच. फक्त मेकच्या रकान्यात ‘विलीज’. कधीतरी कोणीतरी डॅशबोर्डवरची पट्टी वाचून तसंच लिहिलं असणार. इंजिन दुसरंच आहे, पण एवढ्या वर्षांत इंजिन बदललं नसतं तरच नवल.

आता दुसरी. मालक छाती फुगवून सांगत होता, ‘इंजिन-चॅसी एकच नंबर, साहेब!’ फोर्ड असती तर हे कौतुकाचं होतं, कारण फोर्ड दोन्हींवर एकच नंबर टाकायची. विलीजमध्ये ते दोन नंबर कारखान्यातूनच वेगळे निघत. म्हणजे इथे जुळणं हीच खोट. बॅटरी मारून पाहिलं तर आतली छोटी पट्टी रिव्हेटऐवजी चकचकीत स्क्रूंवर, समोर पाइपऐवजी पन्हाळ, आणि दांड्यावर जिथे फोर्डचा नंबर असायला हवा तिथे ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलेलं. फोर्डच्या चॅसीवर विलीजचे कागद चढवले होते.

एक तिसरा प्रकारही गळ्यात मारतात: हिरवा रंग फासलेली महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे युद्धानंतरची साधी जीप. महिंद्राने माझगावला जीप जुळवायला सुरुवात केली ती १९४९ च्या सुमारास, त्यामुळे आपल्याकडे त्याच जास्त. उंच बोनेट, जाळीत नऊऐवजी सात फटी, मागे उघडणारा फाळका. युद्धातल्या जीपला फाळका नसतो आणि पेट्रोल ड्रायव्हरची सीट उचलून भरतात. सीजे वाईट नाही, मला तर आवडते. फक्त सीजेच्या भावात घ्यावी.

कागदांच्या बाजूने बोलायचं तर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पहिलीचा मेक आरटीओत अर्ज करून, तपासणीला गाडी उभी करून दुरुस्त करून घेण्यासारखा आहे. खेटे पडतील एवढंच. दुसरीचा घासलेला नंबर घेऊन तिथे जाणं म्हणजे आपण होऊन चौकशी ओढवून घेणं.

बयाणा पहिलीला दिला. विलीजची पट्टी काढून मित्राने कपाटात ठेवलीय. त्या जागी फोर्डची नवी नक्कल लावायची, की स्क्रूंची चार भोकं तशीच उघडी ठेवायची, यावर आमचं अजून जमलेलं नाही.